खोडलेला ई-३

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी मी पेन्सिलीच्या मागच्या रबराने एक अक्षर आणि एक आकडा खोडला. काम पाच सेकंदांचं. पण अजून रात्री दिवा मालवला की ते दोन्ही डोळ्यांपुढे येतात.

मुलीच्या बेसबॉल टीमची स्कोअरची वही माझ्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी पालकांच्या पहिल्याच बैठकीत कोचने विचारलं, आकड्यांचं काम कोणाला जमेल, आणि एकूण एक माना खोलीतल्या एकमेव देशी माणसाकडे वळल्या. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत वही मांडीवर आली होती. आता मात्र ती सोडवत नाही. शनिवारी सकाळी बोस्टनच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावातल्या मैदानावर दव वाळायच्या आत पोचायचं, थर्मासमधला चहा टोपणात ओतायचा आणि बाकाच्या टोकाला बसून दोन्ही टीमची नावं उतरवून घ्यायची. बाकीच्या टीम फोनवरच्या ॲपमध्ये सगळं नोंदवतात. आमचा कोच जुन्या वळणाचा, त्याला कागद लागतो. आपल्या क्रिकेटच्या स्कोअरबुकाशी या वहीचं काही नातं नाही. प्रत्येक बॅटरसमोर चौकोन आणि चौकोनात फिकट छापलेला एक शंकरपाळा. खेळाडू जितके बेस पुढे सरकेल तितक्या त्याच्या कडा गडद करायच्या. तो चारही बेस फिरून घरी परतला की अख्खा शंकरपाळा भरून टाकायचा. मैदानावरच्यांना इथे नावं नाहीत, जागेचे आकडे आहेत. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघं ७, ८, ९. (पहिल्या बेसला तीन आणि तिसऱ्याला पाच हे पचायला मला एक अख्खा सीझन लागला.) शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि गडी बाद झाला तर ६-३. पहिल्या बेसवाल्याने अडवून धावत आलेल्या पिचरकडे लोटला तर ३-१. आणि सहज जमण्यासारखं काम हातून फसलं तर ई, त्यापुढे त्याच्या जागेचा आकडा. ई म्हणजे एरर.

त्या शनिवारी चौथी इनिंग, दोघं बाद, दुसऱ्या बेसवर त्यांचा एक मुलगा. त्यांच्या बॅटरने सरपटी चेंडू मारला, अगदी मरतुकडा, पहिल्या बेसच्या रोखाने. गवतात दोनदा उडाला आणि मातीत आल्यावर बसला. आमच्या पहिल्या बेसवर एक गुबगुबीत, चष्मेवाला मुलगा असतो. त्याचा मिट, म्हणजे ग्लोव्ह, त्याच्या तोंडाहून मोठा आहे. तो वाकला. मिट जमिनीच्या बोटभर वर अडकला, आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून, वाट विचारत निघालेल्या पाहुण्यासारखा, आरामात मागे गेला. एक धाव गेली. पाठोपाठ दोन सणसणीत फटके, आणखी दोन धावा. मी ई-३ लिहिलं आणि चहाचा घोट घेतला. इनिंग संपल्यावर सगळी मुलं सूर्यफुलाच्या बिया चघळायला गेली, हा मात्र माझ्याजवळ येऊन वहीत डोकावला. चष्म्याच्या काचांवर आतून वाफ धरली होती. "ई-३ म्हणजे मी ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "अजून पक्कं नाही लिहिलेलं." आणि त्याच्यासमोर ते खोडून तिथे साधा एक बेसचा फटका लिहिला. जणू चेंडूच अवघड होता, कोणालाच आला नसता. तो काही बोलला नाही. गेला आणि मूठभर बिया तोंडात टाकल्या. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं रात्रीपर्यंतच टिकलं. जेवणाच्या टेबलावर बेरजा करायला बसलो तेव्हा लक्षात आलं. दोघं बाद असताना ती चूक धरली, तर त्यानंतरच्या तिन्ही धावा पिचरच्या माथी लागत नाहीत. तो तर तिसरा गडी बाद करून मोकळा झाला होता, असं वही मानते. चूक नाही म्हटलं, तर तिन्ही धावा सरळ पिचरच्या नावावर. आमचा पिचर म्हणजे एक काटकुळा, अबोल मुलगा. त्याचे आजोबा घडीची खुर्ची घेऊन प्रत्येक सामन्याला येतात आणि टाळीसुद्धा हळू वाजवतात. मुलगी खांद्यावरून बघत होती. ती दुसऱ्या बेसवर खेळते, म्हणजे तो चेंडू तिने माझ्यापेक्षा जवळून पाहिलेला. "बाबा, हे तू काय लिहिलंयस? तो तर इझी बॉल होता." मग जरा थांबून, "म्हणजे आता तीनही रन ह्याच्या अंगावर?"

चूक पुसली गेली नव्हती. शेजारच्या घरी राहायला गेली होती.

बोस्टनच्या परिसरात पायांमधून चेंडू गेला की पन्नाशीपुढची माणसं एक विशिष्ट चेहरा करतात. आपल्याकडे लग्नघरात कोणी दिवंगताचा विषय काढला की होतो तसा. मी १९९९ मध्ये इथे आलो तेव्हा हा चेहरा कळत नव्हता. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कँटीनमध्ये कागदी पेल्यांचे बेस मांडून मला बिल बकनर, म्हणजे १९८६ च्या अंतिम मालिकेत ज्याच्या पायांमधून चेंडू गेला तो बोस्टनचा पहिल्या बेसवाला, समजावून सांगितला, आणि सांगताना त्याचा आवाज बसला. तेव्हा मला तो वेडेपणा वाटला. तेरा वर्षांपूर्वीचा एक चेंडू, आणि हा माणूस चमचा पेल्यावर आपटतोय. पुढे कधीतरी मी बकनरचे आकडे स्वतः वाचले, आणि वेडेपणा वेगळ्याच ठिकाणी दिसायला लागला. १९६९ ते १९९०, बावीस सीझन. २,७१५ हिट. बोस्टनने ज्याला देव्हाऱ्यात बसवलं त्या टेड विल्यम्सचे २,६५४. (विल्यम्सची काही वर्षं सैन्यात गेली आणि तो कित्येक पटींनी मोठा बॅटर, हे मान्यच, तरी आकडा आकडाच.) १९८० मध्ये शिकागो कब्जकडून .३२४ च्या सरासरीने (म्हणजे तीन वेळांत जवळपास एक हिट) नॅशनल लीगचा बॅटिंगचा किताब. मला स्वतःला भावतो तो आणखी एक आकडा. बावीस वर्षांत स्ट्राइकआउट फक्त ४५३ वेळा, आणि एका सामन्यात तीनदा कधीच नाही. आज कित्येक नामांकित खेळाडू एवढे तीन सीझनमध्ये उरकतात. चेंडूला बॅट लावल्याशिवाय परत जायचं नाही, असं व्रतच घेतलेला माणूस.

आणि तो मुळात फक्त पहिल्या बेसवरचा नव्हताच. कॅलिफोर्नियाच्या वालेहोचा पोरगा, लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आला तेव्हा वाऱ्यासारखा धावायचा, बऱ्याचदा मागे लेफ्ट फील्डला असायचा. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक ॲरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मागे टाकला, त्या फिल्ममध्ये कुंपणावर चढून चेंडू कुठे पडला ते बघणारा डॉजर्सचा खेळाडू म्हणजे बकनर. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बेसवर घसरताना डावा घोटा गेला. शस्त्रक्रिया झाल्या, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि पळण्यातली ती मजा संपली. १९७७ मध्ये शिकागोला गेल्यावर पहिला बेस हेच त्याचं घर झालं. तिथे कमी पळावं लागतं, म्हणून. पुढे त्याचा दिवस सामन्याआधी बर्फाच्या बादलीत सुरू व्हायचा आणि सामन्यानंतर त्याच बादलीत संपायचा.

आता वही हातात आल्यापासून मला त्याच्या १९८५ च्या सीझनचं फार कौतुक वाटतं. त्या वर्षी बोस्टनकडून खेळताना त्याच्या नावावर १८४ असिस्ट लागले. पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा एका सीझनमधला विक्रम, जो २००९ पर्यंत टिकला. असिस्ट म्हणजे गडी बाद करायला दुसऱ्याला केलेली मदत. धडधाकट पायांचा माणूस चेंडू अडवतो आणि स्वतःच बेसकडे पळून पाय टेकवतो. त्याला असिस्ट मिळत नाही. बकनरला ती दोन-चार पावलंही महाग पडायची, म्हणून तो अडवायचा आणि अलगद पिचरकडे लोटायचा. ३-१. ३-१. ३-१. जुनी स्कोअरबुकं उघडली तर त्याच्या घोट्याचा एक्स-रेच त्या चौकोनांतून दिसेल असं मला वाटतं. दुखऱ्या पायाने केलेला विक्रम! असं काही आपल्याकडे असतं तर आपण त्यावर पोवाडा रचला असता.

रविवारी आप्पांना फोन केला. साताऱ्याकडे तेव्हा रात्र असते, ते अंगणात खुर्ची टाकून वाटच बघत असतात. एरवी मी त्यांना बेसबॉलचं काही सांगत नाही, त्यांच्या लेखी तो विटीदांडूचा बिघडलेला भाऊ आहे. पण त्या दिवशी खोडरबर, चष्मेवाला, पिचरचे आजोबा, बकनर, सगळं बोलून गेलो. आप्पा सहकारी बँकेत कॅशियर होते. त्यांनी बाकी काही न विचारता एवढंच विचारलं, "त्याच्या आधी किती जण चुकले होते?"

मग मी त्यांना २५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र ओळीने सांगितली. रोजकीर्द वाचावी तशी. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, सहावा सामना. बोस्टन मालिकेत ३-२ ने पुढे, हा जिंकला की १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद. दहाव्या इनिंगमध्ये बोस्टन ५-३ ने पुढे. न्यूयॉर्क मेट्सचे दोघं बाद, बेसवर चिटपाखरू नाही. ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन येऊन बसलेली. तिथून गॅरी कार्टरची हिट, केविन मिचेलची हिट, रे नाइटची हिट. तिन्ही केल्विन शिराल्डीच्या पिचिंगवर. ५-४. पिचर बदलून बॉब स्टॅन्ली आला, त्याचा एक चेंडू इतका भरकटला की कॅचरला अडवता आला नाही आणि तिसऱ्या बेसवरून मिचेल घरी. ५-५. इथे आप्पांनी थांबवलं. "म्हणजे बरोबरी ह्याच्यामुळे झालेलीच नाही?" नाही. बकनरकडे तोवर चेंडू आलेलाच नव्हता. शिवाय त्याच्या पायांची अवस्था बघून मॅनेजर मॅकनमारा अशा शेवटच्या इनिंगांत डेव्ह स्टेपल्टनला पहिल्या बेसवर पाठवायचा. त्या रात्री नाही पाठवलं. विजयाच्या क्षणी बकनर मैदानात असावा म्हणून, असं बोस्टनमध्ये अजून सांगतात. मग मुकी विल्सनने, आपला दहावा चेंडू खेळताना, पहिल्या बेसच्या रेषेलगत तो सरपटी मारला. बकनर उंच घोट्यांचे बूट घालून लंगडत रेषेकडे सरकला, वाकला, आणि चेंडू त्याच्या मिटखालून, पायांमधून उजव्या फील्डच्या गवतात. नाइट घरी आला. ६-५. विल्सन हरणासारखा पळायचा. बकनरने अडवला असता तरी बेसवर आधी कोण पोचलं असतं यावर इथे आजही पैजा लागतात. आणि एवढं होऊन मालिका फक्त बरोबरीत आली होती. सातवा सामना दोन दिवसांनी झाला, त्यात बोस्टन ३-० ने पुढे असूनही ८-५ ने हरलं. बकनरने त्यात दोन हिट मारल्या.

सहाव्या सामन्याच्या वहीत हे सगळं ज्याच्या त्याच्या खात्यात आहे. हार शिराल्डीच्या नावावर, भरकटलेला चेंडू स्टॅन्लीच्या. स्टेपल्टनला न पाठवणं कुठेच नाही, कारण डोक्यातल्या चुकांना वहीत रकाना नसतो. बकनरच्या नावावर बरोबर एक ई-३. लोकांनी मात्र सगळी खाती फिरवून एकाच पानावर आणली. धमक्या आल्या, टोमणे तर रोजचेच. पुढच्या जुलैत बोस्टनने त्याला मोकळं केलं. १९९० मध्ये तो परत आला तेव्हा बोस्टनचं मैदान, फेनवे पार्क, उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि त्या एप्रिलमध्ये त्याने आपला शेवटचा होमरन मारला. तोही कुंपणाबाहेर नाही, मैदानातल्या मैदानात, चारही बेस त्या घोट्यांवर पळून. काही आठवड्यांत खेळणं थांबलं. तो कुटुंब घेऊन पार आयडाहोला गेला. इकडे तो चेंडू १९९२ मध्ये लिलावात निघाला, चार्ली शीन नावाच्या नटाने ९३,५०० डॉलर मोजून घेतला. आपण क्रिकेटवाले बरे की वाईट ते ठरवता येत नाही मला. आपल्या स्कोअरकार्डात सुटलेल्या कॅचला जागाच नाही. कोणी सोडला ते फक्त लोकांच्या तोंडी राहतं, आणि तोंडांना बेरीज-वजाबाकी कुठे येते.

फोनवर आप्पा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "कॅश शेवटी आपल्याच खिडकीवर येते ना."

ते कशाबद्दल बोलतायत हे मला कळलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं. १९८८ चा मार्च, मी सातवीत. संध्याकाळी सात वाजले तरी आप्पा आले नाहीत म्हणून आईने मला बँकेत पाठवलं. अर्धं शटर ओढलेलं. आत ट्यूबलाइटखाली सगळे जण वह्यांवर वाकलेले. पितळी टोकनांची पेटी, बोट ओलं करायचा स्पंज, सुतळीने बांधलेली व्हाउचरं. रोकड नऊशे रुपयांनी कमी भरत होती. आप्पांनी दोनदा, चारदा, मग बंडलं सोडून एकेक नोट मोजली. ते एकच वाक्य पुटपुटत होते, "नऊने भाग जातोय. नऊने भाग जातोय." फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची उलटापालट झालेली असते किंवा शून्य इकडचं तिकडे, हे हिशेबाच्या माणसाला पाठ असतं. म्हणजे चूक कागदावर आहे, पैसा कुठे गेलेला नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. व्हाउचर लिहिणारा वेगळा, खतावणी करणारा वेगळा, तपासून सही करणारा वेगळा. पण सापडलं नाही. तात्पुरतं सस्पेन्स खात्याला टाकू म्हणाले तर साहेब म्हणाले, रोकड कमी म्हणजे कॅशियरची. आप्पांनी दुसऱ्या दिवशी पोस्टातून काढून भरले. त्या महिन्यात घरी दूध अर्ध्या लिटरवर आलं आणि आईला एकाएकी कोरा चहा आवडायला लागला. पैसे भरून खातं मिटलं, नाव मिटलं नाही. गावात दोन वर्षं तरी "नऊशे" म्हणत. निवृत्तीच्या निरोपसमारंभातही कोणीतरी, प्रेमानेच, तो विनोद केला आणि आप्पा सगळ्यांबरोबर हसले. त्यांच्या कपाटात, लग्नाच्या फोटोंच्या खाली, एक फुलस्केप कागद आहे. त्यावर त्या दिवशीची सगळी देणी-घेणी त्यांच्या अक्षरात उतरवलेली आहेत. घड्या इतक्या वेळा उलगडल्यात की कागद कापडासारखा झालाय. म्हणजे अजून शोधतायत.

"खोडलंस ते ठीक केलं नाहीस," फोन ठेवताना म्हणाले. "पोरगं रडत होतं म्हणतोस तर… नाही, तरी नाही."

८ एप्रिल २००८. ॲरनच्या त्या होमरनला त्या दिवशी चौतीस वर्षं झाली होती, पण हे मला फार उशिरा लक्षात आलं. फेनवे पार्कमध्ये सीझनचा पहिला सामना, आणि पहिला मानाचा चेंडू टाकायला बकनर. तोवर बोस्टनने २००४ आणि २००७ ची दोन विजेतेपदं पटकावली होती. पोट भरलेल्या माणसाला माफ करणं सोपं जातं. ऑफिसातल्या टीव्हीसमोर आम्ही पंधरा-वीस जण उभे होतो. डाव्या फील्डच्या उंच हिरव्या भिंतीकडून तो चालत आला, केस पिकलेले, मिशी तीच. टाळ्या थांबेचनात. त्याने बाहीने डोळे पुसले आणि जुना सवंगडी ड्वाइट इव्हान्सकडे चेंडू टाकला, नीट छातीच्या उंचीवर. कागदी पेल्यांचा माझा तो सहकारी पाठमोरा होऊन कॉफीच्या मशीनशी खुडबुड करत राहिला. मशीन बंद होतं. नंतर पत्रकारांसमोर बकनर म्हणाला, की माफ मलाच करावं लागलं, आणि तेही लोकांना नव्हे तेवढं बातम्या देणाऱ्यांना. हे ऐकून काही जण नाराज झाले. मला ते आवडलं. टाळ्या घेऊन गप्प परत जाणं त्याला जमलं असतं, पण त्याने आपलं येणं बाकी आहे ते सांगितलं. मुकी विल्सनशी तर त्याची चांगलीच गट्टी जमली होती. दोघं शेजारी बसून त्या चेंडूच्या फोटोवर सह्या करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. २७ मे २०१९ ला तो गेला, ६९ व्या वर्षी. लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे शेवटी आठवणींनीच दगा दिला. मृत्यूलेखांच्या मथळ्यांत २,७१५ शोधावे लागत होते. पायांमधला चेंडू पहिल्या ओळीत.

परवा शुक्रवारी रात्री मी वही काढली. खोडलेल्या जागी कागद झिजून पातळ झाला होता, दिव्यासमोर धरला तर पलीकडच्या पानावरचे शंकरपाळे दिसत होते. हलक्या हाताने ई-३ लिहिलं आणि पिचरच्या रकान्यातल्या तीन धावा काढल्या. चष्मेवाल्याला सांगायचं की नाही, यावर मुलगी आणि माझं एकमत झालं नाही. ती म्हणाली सांग. मी म्हणालो विचारलं तर सांगेन.

काल दुसऱ्याच इनिंगमध्ये सरपटी चेंडू पुन्हा त्याच्याकडेच गेला. या वेळी मिट जमिनीला टेकलेला होता, खरं तर गुडघाही. त्याने अडवला, उठायला वेळ नाही हे ओळखलं आणि गुडघ्यावरूनच धावत येणाऱ्या पिचरकडे अलगद लोटला. सुरेख. मी ३-१ लिहायला पेन्सिल टेकवली तोच पिचरच्या ग्लोव्हमधून चेंडू उसळून बाहेर पडला. बॅटर बेसवर. काटकुळ्या पिचरने टोपी डोळ्यांवर ओढली. आजोबा खुर्चीत जरा पुढे झाले. नियम स्पष्ट आहे: लोटणाऱ्याला असिस्ट, सोडणाऱ्याला एरर. इनिंग संपल्यावर चष्मेवाला आला आणि तीनचा आकडा बघून त्याचा चेहरा पडला. "परत मी?" म्हटलं, नाही रे, हा तीन चांगला, हा तुझ्या खात्यात जमा. त्याने दोनदा समजून घेतलं आणि वळून मैदानभर ऐकू जाईल अशी हाक मारून पिचरला बोलावलं. अबोल पोरगं आलं. दोघांनी एकदम वहीवर डोकं घातलं, चौकोनातलं ३-ई१ बोटाने वाचलं, पिचरने पेन्सिलीच्या रबराकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्याच्या टोपीवरची माती माझ्या चहात पडली.